ग्रंथपालाच्या स्मरणातील ग्रंथालय

(ग्रंथपाल दिनानिमित्त ढोकी येथे महाविद्यालयीन ग्रंथपाल, प्राध्यापक व पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा हा मजकूर.)



शेजारीच तेर आहे, संत गोरोबाकाकांचे तेर. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबाकाकांनी हाती थापटणे घेतले, एकेकाच्या मस्तकावर ते मारून पाहिले आणि नामदेवांचे मडके कच्चे असल्याचा निर्वाळा दिला, ही कथा येथील लहान मुलालाही ठाऊक आहे. तिचा आध्यात्मिक अर्थ सांगण्याचा माझा अधिकार नाही. मी तिच्यातील लौकिक बाजूकडे आपले लक्ष वेधतो. मडके पक्के भाजले की नाही, हे कुंभाराचा कान सांगतो. ती परीक्षा कोणत्याही पोथीत लिहिलेली नसते. गुऱ्हाळावरचा गुळव्याही असाच. कढईतला पाक थेंबभर पाण्यात टाकून बोटांनी त्याची गोळी वळतो आणि कढई उतरवायची वेळ झाली की नाही ते ठरवतो. साखर कारखान्यात पॅनवर उभा असलेला जुना जाणता माणूस काचेच्या पट्टीवर नमुना घेऊन, उजेडाकडे धरून दाणा पाहतो. तेरणा कारखान्याचे गाळप मध्यंतरी काही वर्षे बंद राहिले, तेव्हा यंत्रे जागेवर होती, पण जाणती माणसे पांगली. भोंगा पुन्हा वाजवायचा तर यंत्रांना नुसते तेलपाणी करून भागत नाही, हे मी ढोकीकरांना सांगणे म्हणजे काशीला जाऊन गंगेचे माहात्म्य सांगण्यासारखे आहे.

या न लिहिलेल्या ज्ञानाला मायकेल पोलान्यी या विचारवंताने १९६६ साली एक छोटे पुस्तक वाहिले. आपण त्याला अव्यक्त ज्ञान म्हणू. ते असते, काम करते, माणसाबरोबर जाते, आणि गेल्यावरच त्याची किंमत कळते. आज मला या अव्यक्त ज्ञानाच्या एकाच ठिकाणाविषयी बोलायचे आहे. ते ठिकाण म्हणजे आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील देवघेवीची खिडकी.

आपल्या भागातील महाविद्यालयात येणारी मुले कोण आहेत, हे आधी डोळ्यांसमोर आणू या. पुष्कळांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी हीच पहिली पिढी. आईवडील शेतात, कोणाचे ऊसतोडीला. मुलगी एस.टी.ने येते. तास संपल्यावर परतीच्या गाडीला तिच्याकडे जेमतेम पाऊण तास असतो. तेवढ्या वेळात ती खिडकीशी उभी राहते आणि विचारते, "सरांनी सांगितलेलं ते निळं पुस्तक आहे का?" तिला लेखकाचे नाव ठाऊक नसते, विषयाचे शास्त्रीय नाव तर नाहीच. खिडकीत पंचवीस वर्षे काढलेला परिचर असेल तर तो विचारतो, "कोणते सर? अर्थशास्त्राचे की भूगोलाचे?" आणि दोन मिनिटांत पुस्तक तिच्या हातात पडते. तोच परिचर निवृत्त झालेला असेल, तर नवा माणूस प्रामाणिकपणे संगणकात 'निळे' असे काही शोधता येत नाही म्हणून सांगतो. मुलीची गाडी सुटते ती सुटतेच. वर दोन-तीनदा असे घडले की ती ग्रंथालयाकडे फिरकेनाशी होते. तिने तक्रार केलेली नसते. तिचे नाव कोणत्याही अहवालात येत नाही. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली, त्यांतील चौथे वाचकाचा वेळ वाचविण्याविषयी आहे. परीक्षेत आपण सर्वांनी ते पाठ म्हणून लिहिले. या मुलीचा पाऊण तास हा त्या सूत्राचा खरा अर्थ आहे.

एका महाविद्यालयात मी पाहिलेली गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, कारण दोष त्या एकट्या संस्थेचा नाही. तेथील जुने परिचर निवृत्त झाले. निरोपसमारंभ झाला, शालश्रीफळ झाले, भाषणे झाली. दोन महिन्यांनी जुन्या प्रश्नपत्रिका कोणाला हव्या झाल्या. कपाटांवर त्या गृहस्थांनी स्वतःच्या सोयीसाठी खडूने खुणा केल्या होत्या. त्यांचा अर्थ कोणालाच लागेना. शेवटी त्यांच्या गावी निरोप गेला आणि ते बिचारे भर उन्हात येऊन कपाटे उघडून देऊन गेले. त्यांना निरोप देताना इतके जण बोलले, पण त्यांना काही विचारावे असे एकालाही सुचले नव्हते.

हा प्रश्न आताच इतका तातडीचा का झाला? ज्या पिढीने आपली महाविद्यालयीन ग्रंथालये शून्यातून उभी केली, ती पिढी एकामागून एक निवृत्त होत आहे. रिकाम्या झालेल्या जागा वेळेवर भरल्या जात नाहीत. अनेक ठिकाणी ग्रंथालयाचा कारभार एखाद्या प्राध्यापकाकडे अतिरिक्त म्हणून येतो, किंवा कंत्राटी माणसाकडे जातो. म्हणजे जाणारा आणि येणारा यांची गाठच पडत नाही. गुरूने शिष्याला शेजारी बसवून शिकवावे, ही आपली हजारो वर्षांची रीत. तिला लागणारे दोघे एकाच वेळी एका खोलीत नसतील तर रीत काय करणार?

यावर मला हमखास सांगितले जाते की, "आमचे ग्रंथालय आता पूर्ण संगणकीकृत आहे." आनंदाची गोष्ट आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची 'सोल' ही प्रणाली अनेक महाविद्यालयांत आली. न्यूझीलंडमध्ये जन्मलेली 'कोहा' ही मुक्त प्रणालीही काही ठिकाणी वापरली जाते. एन-लिस्ट योजनेतून २०१० पासून हजारो नियतकालिके महाविद्यालयांच्या आवाक्यात आली. पण संगणकात काय भरले गेले? दाखलनोंदवहीत जे होते तेच: दाखल क्रमांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक, किंमत. म्हणजे आपण पुस्तकांची नोंद केली. विद्यार्थी काय विचारतात, कोणत्या शब्दांत विचारतात, त्यांना काय दिले आणि त्याने काम झाले की नाही, याची नोंद केली नाही.

पुस्तकांच्या नोंदीचे मोल मी कमी लेखत नाही. शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी मुद्रित ग्रंथांची सूची १९४३ साली प्रसिद्ध केली, दुसरा भाग १९६१ साली आला. एका माणसाच्या चिकाटीचे ते स्मारक आहे आणि आजही मराठीचा अभ्यासक त्या सूचीवाचून पाऊल टाकू शकत नाही. परंतु सूची ग्रंथापासून सुरू होते आणि खिडकीशी उभा असलेला विद्यार्थी प्रश्नापासून सुरू होतो. या दोहोंना जोडणारा पूल आपल्या जुन्या ग्रंथपालांच्या डोक्यात बांधलेला असतो.

तो कागदावर कसा उतरवायचा, याचा एक धडा आपल्याच भाषेत साडेसातशे वर्षांपूर्वी गिरवला गेला आहे. चक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनी त्यांच्या लीळा गोळा केल्या. ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले, ऐकले, त्यांच्याकडे ते गेले. कोणी काय पाहिले, कोठे पाहिले, हे विचारले. शके १२०० च्या, म्हणजे इ.स. १२७८ च्या सुमाराचे हे काम. त्यातून उभे राहिलेले लीळाचरित्र मराठी गद्याचा आद्य ग्रंथ मानले जाते. पुढे खिलजीच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली, तेव्हा ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या त्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा सिद्ध झाला. त्यात एखाद्या प्रसंगाविषयी कोणाची आठवण वेगळी असेल तर तीही त्याच्या नावानिशी टिपून ठेवलेली आढळते.

ग्रंथपालांसाठी यात दोन गोष्टी आहेत, असे मला वाटते. म्हाइंभटांनी शिष्यांना "तुमचे अनुभव लिहून द्या" असे सांगितले नाही. ते स्वतः चालत गेले आणि विचारले. निवृत्त होणाऱ्या माणसाला आपण कोरा कागद देऊन "अनुभव लिहा" म्हणतो, आणि तो बापडा "सर्वांचे सहकार्य लाभले" एवढेच लिहितो. दुसरे असे की, मतभेद पुसून गुळगुळीत पाठ करण्याचा मोह त्या परंपरेने टाळला.

त्याच पंथाच्या इतिहासात याच्या नेमकी उलट गोष्टही आहे. पोथ्या सांकेतिक लिप्यांत लिहिल्या जाऊ लागल्या. त्यांतील सकळ लिपी विशेष प्रसिद्ध. हेतू संरक्षणाचा असेल, परंतु त्यामुळे हे अमोल साहित्य शतकानुशतके पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला बंद राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी ती लिपी उलगडली. कपाटावरच्या खडूच्या खुणा मी मघाशी सांगितल्या. प्रत्येक ग्रंथालयात अशी एक लहानशी सकळ लिपी असते. आणि आपल्याला तर २०२३ साली याचा मोठाच अनुभव आला. कुणबी नोंदींच्या शोधासाठी मराठवाड्यात निजामकालीन दफ्तरे बाहेर निघाली. कागद होते, पण मोडी आणि उर्दू वाचणाऱ्या जाणत्यांची शोधाशोध करावी लागली.

बाहेरच्या जगातलेही एक उदाहरण घेऊ. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या दुरुस्ती कारागिरांचा अभ्यास ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञाने केला. त्याचे पुस्तक १९९६ साली निघाले. त्याला दिसले की कंपनीने दिलेली जाडजूड नियमावली अडचणीच्या वेळी अपुरी पडते; खरी विद्या हे कारागीर चहाकॉफीच्या वेळी एकमेकांना सांगत असलेल्या हकिगतींत असते. पुढे कंपनीने त्या हकिगती साठविण्याची व्यवस्था केली. तिला 'युरेका' असे नाव होते. कारागिराने युक्ती लिहायची, जाणत्या सहकाऱ्यांनी ती तपासायची, आणि मान्य झाल्यावर लिहिणाऱ्याच्या नावाने ती सर्वांना खुली करायची. नाव लागणे हाच मोठा मान ठरला. आपल्याकडे शिपाई किंवा परिचर काही सांगतो, तेव्हा ते अहवालात ग्रंथपालाच्या नावाने जाते आणि ग्रंथपालाचे काम प्राचार्यांच्या नावाने जाते. ही सवय मोडल्याशिवाय कोणी मनापासून काही सांगणार नाही.

आता प्रत्यक्ष कामाचे बोलू. खिडकीजवळ एक साधी दोनशे पानी वही ठेवावी. तिला प्रश्नवही म्हणा. विद्यार्थ्याने काय विचारले ते त्याच्याच शब्दांत, त्याला काय दिले, आणि काम झाले का, एवढेच लिहायचे. 'त्याच्याच शब्दांत' यावर माझा विशेष भर आहे. मुलगा "बचत गटावर काही आहे का" असे विचारतो आणि आपण शिष्टपणे 'सूक्ष्म वित्तपुरवठा' असे लिहितो. तेथेच पूल कोसळतो. सगळे प्रश्न लिहिण्याचीही गरज नाही. जेथे शोधावे लागले, अडले, किंवा रिकाम्या हाताने परत पाठवावे लागले, तेवढे लिहिले तरी दिवसाला पाचसात ओळींपलीकडे काम जात नाही. शनिवारी अर्धा तास सर्व सेवकांनी, परिचरांसह, एकत्र बसून वही वाचायची. जे शब्द वारंवार येतात ते संगणकातील विषयशब्दांच्या रकान्यात त्या त्या पुस्तकासमोर भरायचे. पुढच्या वर्षी 'बचत गट' असे टंकले की पुस्तक समोर येईल, मग खिडकीत कोणीही असो.

एक पथ्य मात्र कडक पाळावे. वहीत विद्यार्थ्याचे नाव लिहू नये. कोणी काय वाचले, कोणत्या आजाराविषयी, कोणत्या अडचणीविषयी विचारले, हे त्याचे खासगी आहे. आपल्याला प्रश्न हवा आहे, प्रश्न विचारणारा नको.

निवृत्तीला सहा महिने उरलेल्या माणसाबरोबर काय करायचे? त्याला खुर्चीत बसवून मुलाखत घेऊ नका. त्याच्याबरोबर कपाटांमधून चाला. हात कपाटाला लागला की आठवण आपोआप येते. प्रत्येक कपाटापाशी विचारा: येथे काय शोधायला लोक येतात? येथले काय कोणी मागत नाही, पण मागायला हवे? कोणते पुस्तक फाटके आहे पण टाकून देऊ नये, आणि का? भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रण करावे आणि त्याच आठवड्यात ते उतरवून काढावे. उतरवले नाही तर ते मुद्रण म्हणजे आणखी एक बंद कपाट.

असा फेरफटका मारला की अनपेक्षित घबाड हाती लागते, हे मी अनुभवाने सांगतो. जिल्हा गॅझेटियर, जिल्हा जनगणना पुस्तिका, अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचे जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन, १९७२ च्या दुष्काळावरचे आणि १९९३ च्या भूकंपावरचे अहवाल ही सामग्री अनेक ग्रंथालयांत कोठेतरी वरच्या फळीवर पडलेली असते. २०२४-२५ पासून आपल्या संलग्नित महाविद्यालयांतही नवे शैक्षणिक धोरण पदवीच्या पहिल्या वर्षाला लागू झाले. क्षेत्रप्रकल्प आले, भारतीय ज्ञानप्रणालीचा अभ्यास आला. विद्यार्थी तेरच्या उत्खननावर, गुळाच्या धंद्यावर, बारवांवर प्रकल्प करू लागले तर त्यांना याच फळीची गरज पडणार आहे. मुलगा आंतरजालावरून कोठल्या तरी परमुलखातील दुष्काळाची माहिती उतरवून काढतो, कारण त्याच्या जिल्ह्याच्या दुष्काळाचा अहवाल डोक्यावरच्या फळीवर आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

आणि हे प्रकल्प पूर्ण झाल्यावर त्यांचे काय होते? विद्यावाचस्पतीचे प्रबंध 'शोधगंगा'वर जातात, ते ठीक आहे. पदवीच्या मुलाने आजोबांना विचारून लिहिलेली विहिरींची हकिगत विभागाच्या कपाटात तीन वर्षे राहते आणि मग रद्दीत जाते. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गावातल्या पांढरीत सापडणाऱ्या वस्तू जमवल्या, आणि त्या संग्रहातून आजचे शासकीय संग्रहालय उभे राहिले. पुष्कळांना ती खापरे वाटली असतील. प्रत्येक वर्षीचे चांगले दहा प्रकल्प निवडून, गावाच्या नावानिशी त्यांची नोंद करून ग्रंथालयात ठेवायला काय खर्च येतो?

आक्षेपांचाही विचार केला पाहिजे. एक आक्षेप असा की, आधीच नोंदवह्यांचे ओझे आहे. मान्य. नॅकचे पथक यायचे ठरले की रातोरात वह्या कशा रंगतात, वेगवेगळ्या शाईची पेने कशी गोळा होतात, हे येथील मंडळी माझ्यापेक्षा अधिक जाणतात. (हशा) प्रश्नवही तशी होणार असेल तर ती न ठेवलेलीच बरी. ती कोणाला दाखविण्यासाठी नाही, म्हणून तिला शिक्का नको, सही नको, खाडाखोड चालेल.

दुसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, पण तो अधिक खरा आहे. कंत्राटी सेवकाला वाटते, "मला ठाऊक असलेले सारे लिहून दिले की माझी गरज काय?" या भीतीला मी स्वार्थ म्हणणार नाही. ज्याच्या नोकरीची शाश्वती अकरा महिन्यांपलीकडे नाही, त्याच्याकडून निरपेक्ष ज्ञानदानाची अपेक्षा करणे आपल्याला शोभत नाही. संस्थाचालकांनी येथे स्पष्ट शब्द दिला पाहिजे, आणि नोंदीखाली त्याचे नाव राहिले पाहिजे. ज्या संस्थेला हा शब्द देववत नाही, तिने प्रश्नवहीची अपेक्षाही ठेवू नये. सेवकाच्या निष्ठेवर व्याख्यान देणे सोपे असते. त्याच्या वेतनाची तारीख पाळणे तितके सोपे नसते.

पालकांना एक विनंती. घरी गेल्यावर मुलाला किती गुण पडले हे विचाराच, पण या महिन्यात ग्रंथालयातून काय मागितले आणि मिळाले का, हेही विचारा. मिळाले नसेल तर प्राचार्यांना सांगा, भांडणाच्या सुरात नव्हे, पण सांगा. प्रश्नवहीत न आलेले प्रश्न अशा रीतीने येतील.

ग्रंथपालांना एवढेच सांगतो की पहिला पंधरवडा वही रिकामीच राहील, कारण आपल्याला विद्यार्थ्याचे शब्द ऐकण्याची सवय उरलेली नाही. तो बोलायच्या आत आपण उत्तर देतो किंवा नकार देतो. तिसऱ्या आठवड्यापासून पाने भरू लागतील. दिवाळीच्या सुट्टीआधी एका शनिवारी पुन्हा येथेच जमू. येताना आपापल्या वह्या आणा, आणि शक्य असेल तर आपल्या परिचरांनाही बरोबर आणा. त्या दिवशी बोलायचे त्यांनी, मी ऐकायला बसेन.